कमानीखालची शाळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना पाहण्याचं भाग्य मला लाभलं नाही. पुढच्या दोन रांगांतल्या बऱ्याच मंडळींनी मात्र त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. (हशा) छडीचे वळ जाऊन पन्नास वर्षं झाली, तरी शाळा मनातून जात नाही. म्हणून आज एका शाळेचीच गोष्ट सांगावी असं ठरवलं. अडचण एवढीच की ही शाळा आता शाळा राहिलेली नाही. तिथे आता प्रवासी उतरतात. शाळेची धर्मशाळा झाली आहे.

'शाळेची धर्मशाळा झाली' हे वाक्य आपल्याकडे रागाने म्हणतात. वर्गात कुणीही केव्हाही येतं-जातं, कुणाचा कुणाला पत्ता नाही, म्हणजे धर्मशाळा. पण शब्दाकडे जरा नीट पाहा. शाला म्हणजे मुळात घर, दालन. पाठशाळा, गोशाळा, पाकशाळा, धर्मशाळा ही सगळी एकाच घरातली भावंडं. वापरता वापरता 'पाठ' गळून पडला आणि नुसती शाळा म्हणजे शिकण्याची जागा झाली. धर्मशाळेने मात्र जुना अर्थ सोडला नाही. तेव्हा शाळेची धर्मशाळा होणं ही घसरण आहे की ते घर आपल्या मूळ अर्थाकडे परतणं आहे? हा प्रश्न मनाशी ठेवा. शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

माझी शाळा आहे जेरुसलेमच्या जुन्या शहरात, तटबंदीच्या आत. पूर्वेच्या दरवाजातून आत शिरलं की एक अरुंद, फरसबंद रस्ता चढ-उतार करत पश्चिमेकडे जातो. व्हिया दोलोरोसा, म्हणजे दुःखमार्ग, हे त्याचं नाव. येशूला क्रूस खांद्यावर देऊन याच वाटेने नेलं, अशी श्रद्धा. त्या रस्त्यावर डोक्यावरून एक जुनी दगडी कमान जाते. तिला म्हणतात एक्के होमो. लॅटिन शब्द आहेत. अर्थ, 'हा पाहा माणूस'. रोमन सुभेदार पिलाताने फटके मारलेल्या येशूला लोकांपुढे उभं करून हे उद्गार काढले, असं शुभवर्तमान सांगतं. कमानीला लागून उजव्या हाताला एक भक्कम दगडी इमारत आहे. नोत्र दाम द सियाँ, म्हणजे सियोनच्या सिस्टरांचा तो मठ. तिथे मुलींची शाळा होती, अनाथालय होतं. आज तिथे अतिथिगृह आहे. शिर्डी-पंढरपूरला जातात त्यांना लगेच कळेल असा शब्द वापरतो : भक्तनिवास.

या इमारतीबद्दल मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक माणसाची, एक दगडांची आणि एक हेतूची. तिन्ही गोष्टींत मिळून दोन मोठ्या चुका आहेत. त्या चुका झाल्या याचं मला फारसं नवल नाही. त्या कळल्यावर घरातल्या माणसांनी काय केलं, याचं आहे.

पहिली गोष्ट माणसाची.

आल्फाँस रातिसबोन. जन्म १८१४, गाव स्ट्रासबूर्ग, घराणं ज्यू आणि धंदा पेढीचा. थोरला भाऊ तेओदोर आधीच ख्रिस्ती होऊन पाद्री झालेला, आणि धाकट्या आल्फाँसचा त्यावर मनस्वी राग. आणि काय व्हावं? २० जानेवारी १८४२ या दिवशी रोममधल्या एका चर्चमध्ये हा तरुण सहज म्हणून शिरला आणि मारियेचं दर्शन झालं असं सांगत बाहेर आला. दर्शन खरं की मनाचा खेळ, हा वाद आपण इथे घालायचा नाही. दर्शनांबद्दल बोलताना महाराष्ट्रातल्या माणसाने जरा जपूनच बोलावं. (हशा) परिणाम मात्र खरा होता. आल्फाँसने ठरलेलं लग्न सोडलं, पेढी सोडली आणि तो धर्मकार्याला लागला. दोघा भावांच्या खटपटीतून पॅरिसमध्ये सियोनच्या सिस्टरांचा संघ उभा राहिला. १८५५ मध्ये आल्फाँस जेरुसलेमला पोचला आणि आयुष्याचा उरलेला काळ त्याने त्याच परिसरात काढला.

तो नेमका त्याच सुमाराला का गेला? क्रिमियाचं युद्ध १८५६ मध्ये संपलं. जेरुसलेम ज्याच्या राज्यात होतं तो तुर्कस्तानचा सुलतान त्या युद्धात फ्रान्स-इंग्लंडच्या मदतीने वाचला होता, आणि उपकारांची फेड त्याला करायची होती. याच रस्त्यावरचं सेंट अ‍ॅन हे प्राचीन चर्च त्याने त्या वर्षी फ्रान्सला देऊन टाकलं. ख्रिस्ती प्रजेला अधिक हक्क देणारं फर्मानही त्याच वर्षीचं. दार किलकिलं झालं म्हटल्यावर युरोपातली प्रत्येक सत्ता आत पाय ठेवायला धावली. रशियाने यात्रेकरूंसाठी मोठं आवार उभारलं, ऑस्ट्रियाचं यात्री निवास १८६३ मध्ये उघडलं. एखाद्या गावात आपलं देऊळ, आपली धर्मशाळा, आपली शाळा असली की त्या गावावर आपला थोडा हक्क आहे असं वाटू लागतं. हे जेरुसलेमला जितकं खरं, तितकंच काशीलाही.

तर रातिसबोनने १८५७ मध्ये या कमानीलगतचे पडके अवशेष विकत घेतले. युरोपभर हात पसरून पैसा गोळा केला. पेढीवाल्याच्या मुलाने भिक्षा मागावी, हाही एक न्यायच. मठ उभा राहिला, शाळा सुरू झाली, अनाथ मुलींना आसरा मिळाला, आणि १८६८ मध्ये शेजारच्या बॅसिलिकेचं, म्हणजे मठाच्या चर्चचं, काम पुरं झालं.

आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' म्हटलं की टाय, पॉलिश केलेले बूट आणि इंग्रजी कविता डोळ्यांपुढे येतात. ज्यांच्या दारात एकही नन कधी फिरकली नाही अशा शाळांच्या पाट्यांवरही आपण 'कॉन्व्हेंट' लिहून टाकलं आहे. (हशा) पण कॉन्व्हेंट म्हणजे मठ. मठात राहणाऱ्या बायका शिकवतात म्हणून ती शाळा कॉन्व्हेंटची. मठ आधी, शाळा मागाहून. शाळा गेली तरी मठ उरतो, हे पुढे फार कामाला येणार आहे.

आता दुसरी गोष्ट, दगडांची.

रातिसबोनने हीच जागा का निवडली? कमानीमुळे. याच कमानीवरून पिलाताने येशूला लोकांना दाखवलं, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती. बांधकामाला खणू लागले तेव्हा कळलं की रस्त्यावर दिसते ती मधली, मोठी कमान. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान कमान होती. उत्तरेची कमान नव्या चर्चमध्ये वेदीच्या मागे जपून ठेवली. आजही ती तिथे आहे. दक्षिणेची मात्र गेली. पण ती कुठे होती ठाऊक आहे? सोळाव्या शतकात मध्य आशियातून आलेल्या उझबेक दरवेशांचा मठ होता, त्याच्या बांधकामात. म्हणजे एकाच कमानीच्या एका बाजूला ख्रिस्ती सिस्टर, दुसऱ्या बाजूला मुसलमान फकीर, आणि मधून रहदारी. कमान एकच, पण तिच्या आधाराने राहणारी माणसं किती वेगळी!

जमिनीखाली तर आणखीच गंमत. मठाच्या पोटात एक तळं आहे. जवळजवळ पन्नास मीटर लांब, खडकात खोदलेलं, वरून दुहेरी कमानदार छत घातलेलं. त्याचं नाव स्त्रुथियन, म्हणजे चिमणीचं तळं. १८६७ च्या सुमाराला चार्ल्स वॉरन हा इंग्रज लष्करी इंजिनिअर या भागातल्या भुयारात उतरला. आत पाणी नव्हतं, सांडपाणी होतं. गड्याने जुन्या दारांच्या फळ्या आणवल्या आणि एकेक फळी पुढे सरकवत, तिच्यावर बसून, त्या घाणीतून वाट काढली. पुढे सिस्टरांनी आपल्या बाजूने भिंत घालून ती वाट बंद केली. ज्या शाळेच्या तळघरातून एखादा साहेब फळीवर बसून तरंगत येऊ शकतो, तिथल्या मुख्याध्यापिकेने दुसरं काय करावं? (हशा)

१९३० नंतर इथे पद्धतशीर उत्खनन झालं. जेरुसलेमच्याच फ्रेंच बायबल-विद्यापीठातले मोठे पंडित फादर व्हँसाँ आणि मठातल्या सिस्टर यांनी ते केलं. तळ्याच्या छतावर मोठमोठ्या शिळांची भव्य फरसबंदी सापडली. पिलात न्यायासनावर बसला ती जागा शुभवर्तमानात फरसबंदी याच नावाने येते. मग काय विचारता! हाच तो रोमन सैन्याचा अँटोनिया किल्ला, हीच ती फरसबंदी, इथेच खटला चालला, असा निष्कर्ष निघाला. मदर मारी-अलीन या इथल्याच सिस्टरांनी त्यावर जाडजूड प्रबंध लिहिला. तो १९५५ मध्ये छापला गेला. जगभरातून यात्रेकरू येत, त्या शिळांवर गुडघे टेकत, रडत.

आणि मग १९७० नंतर त्याच विद्यापीठातल्या, व्हँसाँ यांच्याच डोमिनिकन संघातल्या फादर बेन्वा यांनी एक साधा प्रश्न विचारला. जोसेफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार लिहितो की इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने शहराला वेढा घातला, तेव्हा हल्ल्यासाठीचा मातीचा बांध स्त्रुथियन तळ्याच्या मधोमध घातला. तळ्याच्या मधोमध बांध घालायचा तर तळं कसं हवं? उघडं हवं. तळं इसवी सन ७० मध्ये उघडं असेल, तर त्याच्यावरचं छत त्यानंतरचं. आणि छत नंतरचं, तर छतावरची फरसबंदीही नंतरचीच. येशू तर त्याआधी चाळीस वर्षं होऊन गेला!

हिशेब चौथीच्या मुलाला कळेल असा. पण त्या हिशेबाने एका श्रद्धेचा पाया काढून घेतला. फरसबंदी आणि कमान, दोन्ही दुसऱ्या शतकातल्या, सम्राट हेड्रियनने उद्ध्वस्त जेरुसलेमवर नवं रोमन शहर वसवलं त्या काळच्या. पिलाताचा वाडाही या टोकाला नव्हता. तो बहुधा शहराच्या पश्चिमेला, हेरोद राजाच्या राजवाड्यात होता, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कमान ती नव्हे, फरस तो नव्हे, कदाचित रस्तासुद्धा तो नव्हे.

आता मला सांगा, आपल्या गावातल्या एखाद्या देवस्थानाला कुणी असं दाखवून दिलं असतं तर काय झालं असतं? (टाळ्या) टाळ्या वाजवू नका, विचार करा. सिस्टरांनी काय केलं? दार लावून घेतलं नाही. जुनी पाटी रेटली नाही. मी तिथे तीन रात्री राहिलो. फरसबंदी दाखवताना मला सरळ सांगितलं गेलं की हे दगड येशूच्या काळचे नाहीत. आधी भाव धरायला लावून मग हळूच सांगायचं, असंही नाही. आधीच सांगितलं. ज्या दगडासाठी जागा घेतली तो दगड तो नव्हे, हे सांगत त्या घराने आपलं दार उघडं ठेवलं. ही पहिली चूक, आणि हा पहिला मोठेपणा.

तिसरी गोष्ट हेतूची. ही जरा अवघड आहे, म्हणून जरा सावकाश.

हा संघ कशासाठी निघाला? ज्यू लोकांनी ख्रिस्ताकडे यावं म्हणून प्रार्थना करण्यासाठी. ज्यू घरातून आलेल्या दोघा भावांना वाटलं की आपल्याला मिळालं ते आपल्या माणसांना मिळावं. त्यात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तुमचा धर्म अपुरा, तो सोडून आमच्यात या, असं प्रेमाने सांगितलं तरी समोरच्याला ते प्रेम वाटेलच असं नाही.

मग विसावं शतक आलं. १९४३ च्या ऑक्टोबरात रोममध्ये जर्मनांनी ज्यूंची धरपकड सुरू केली. त्या वेळी याच संघाच्या रोममधल्या मठाने शंभरावर ज्यू लपवले. जीव वाचवणाऱ्या बाईला धर्मांतराची प्रार्थना तशीच म्हणता येते का? प्रश्न तर पडणारच. २८ ऑक्टोबर १९६५ या दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने एक निवेदन मंजूर केलं. येशूच्या मृत्यूचा ठपका साऱ्या ज्यू समाजावर ठेवता येत नाही, असं कॅथलिक चर्चने त्यात अधिकृतपणे म्हटलं. शतकानुशतकांचं ओझं उतरवणारं वाक्य होतं ते. सियोनच्या सिस्टरांनी आपला हेतूच बदलला. आता ज्यूंना बदलायचं नव्हतं, समजून घ्यायचं होतं. त्यांचे ग्रंथ शिकायचे होते, त्यांच्याशी बोलायचं होतं. स्थापनेचंच कारण तपासून बदलणारी संस्था तुम्ही किती पाहिल्यात? आपल्याकडे तर घटनेतलं एक कलम बदलायचं म्हटलं तरी सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतात. (हशा)

आणि याच सुमाराला शाळेचं आयुष्यही संपत आलं होतं. १९४८ मध्ये जेरुसलेम दुभंगलं. जुनं शहर जॉर्डनकडे, नवं इस्रायलकडे, मध्ये काटेरी तारा. रातिसबोनची समाधी एन केरेम इथल्या मठात आहे. तो मठ तारेच्या पलीकडे आणि कमानीखालची शाळा अलीकडे. एकाच संघाच्या सिस्टर, पण दोन देशांत. १९६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांचं युद्ध झालं, जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात गेलं, आणि शंभराहून अधिक वर्षं चाललेली शाळा इतिहासजमा झाली.

शाळा बंद पडते तेव्हा इमारतीचं काय होतं? आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पटसंख्या घटते, तुकडी मोडते, कुलूप लागतं. मग आधी कबुतरं येतात, पाठोपाठ बिल्डर येतो. पण निवासी कॉन्व्हेंटची इमारत जरा वेगळी असते. ती मुळातच पुष्कळ माणसांनी एकत्र राहावं म्हणून बांधलेली. लांब व्हरांडे, झोपायच्या खोल्या, पंगत बसेल एवढं भोजनगृह, मोठं स्वयंपाकघर, पाण्याची तजवीज, प्रार्थनेची जागा. अतिथिगृहाला आणखी काय लागतं? बाहेर काय काढावं लागतं? फक्त बाकं.

तर बाकं गेली आणि खाटा राहिल्या. मुलींच्या जागी यात्रेकरू आले. बायबलच्या अभ्यासाचे वर्ग भरू लागले. म्हणजे 'पाठ' पुरता गेला नाही, फक्त विद्यार्थ्यांची वयं वाढली! आज अतिथिगृहाची व्यवस्था सिस्टरांच्या सोबतीने शमँ नफ हा फ्रान्समधून निघालेला ख्रिस्ती समुदाय पाहतो. गच्चीवर गेलं की समोर सोनेरी घुमट, जवळच मिनार, पलीकडे चर्चचे कळस. खाली रस्त्यावर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधूंची क्रूसयात्रा निघते. ती निघते कुठून? जवळच्याच उमरिया नावाच्या शाळेच्या अंगणातून. मुसलमान मुलांची चालती शाळा आहे ती. खरा अँटोनिया किल्ला बहुधा तिच्याच खडकावर होता. म्हणजे पाहा, येशूच्या दुःखमार्गाचा पहिला टप्पा आजही एका शाळेच्या अंगणात आहे.

आता थोडं विषयांतर. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये. (हशा) तिथून पायी थोड्याच अंतरावर, हेरोद दरवाजाजवळ, आपली एक धर्मशाळा आहे. 'आपली' म्हणजे भारताची. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद आठशे वर्षांपूर्वी तिथे येऊन राहिले, ध्यानाला बसले, अशी परंपरा. तेव्हापासून ती हिंदुस्थानी यात्रेकरूंची जागा. १९२४ मध्ये सहारनपूरहून गेलेल्या अन्सारी घराण्याने तिची देखभाल हाती घेतली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैनिक तिथे विसाव्याला येत. १९६७ च्या युद्धात तिच्यावर तोफगोळे पडले आणि घरातली माणसं दगावली. तरी धर्मशाळा उभी आहे. आणि त्या देशात मराठीसुद्धा आहे बरं का. कोकणातून गेलेले आपले बेने इस्रायली घरात अजून मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचं मासिक त्यांनी तिथे चालवलं. परक्या गावात टिकायचं तर उतरायला जागा आणि बोलायला भाषा लागते. दोन्ही गोष्टी आपली माणसं बरोबर घेऊन गेली.

आता पुन्हा मठाकडे. तिथे अतिथिगृह झालं म्हणजे सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. ज्या तळ्याच्या वाटेत सिस्टरांनी भिंत घातली, त्या भिंतीपाशी ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीकडून येणारा बोगदा अडतो. म्हणून पर्यटकांना आल्या वाटेने परत फिरावं लागे. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये इस्रायल सरकारने या टोकाला, मठाच्या जवळच, रस्त्यावर नवं दार उघडलं. त्यावरून दंगली पेटल्या आणि कित्येक माणसं मेली. एक दार उघडण्यावरून! जिथे प्रत्येक दगडावर तिघांचा दावा असतो, तिथे दार कुठे उघडायचं हाही जीवनमरणाचा प्रश्न होतो. मग ते कुणासाठी उघडायचं, हा तर त्याहून मोठा.

आता थोडक्यात सांगून थांबतो. माणसाची गोष्ट : एका माणसाला साक्षात्कार झाला आणि त्याने घर बांधलं. दगडांची गोष्ट : ज्या दगडासाठी बांधलं तो दगड तो निघाला नाही. हेतूची गोष्ट : ज्या हेतूसाठी बांधलं तो हेतू टिकला नाही. त्यातच शाळाही राहिली नाही. मग राहिलं काय? बाहेरून आलेल्याला आत घेण्याची सवय राहिली. आधी अनाथ मुलगी, मग विद्यार्थिनी, मग वाटसरू. त्या घराने दोन वेळा स्वतःची चूक कबूल केली, आणि दोन्ही वेळा दार उघडंच ठेवलं. माझी तर खात्री आहे, चूक झाकायची असती तर दार आधी लावावं लागलं असतं.

मघाचा प्रश्न. शाळेची धर्मशाळा होणं ही घसरण का? त्या फरसबंदीवर मी एक गोष्ट पाहिली, ती सांगतो. शिळांवर रेघा कोरलेल्या आहेत. खेळाचा पट. रोमन शिपायांनी कोरला असावा. असे पट तुम्ही आपल्या लेण्यांच्या पायऱ्यांवर, गडांच्या दरवाजांत पाहिले असतील. यात्रेकरूंना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की याच खेळात शिपायांनी येशूची थट्टा केली. तेही आता सांगता येत नाही. पण एक गोष्ट नक्की सांगता येते. कुणीतरी इथे बसलं होतं. त्याला कशाची तरी वाट पाहायची होती. पहारा संपायची, पाऊस थांबायचा, घरी जायच्या हुकमाची. वेळ जात नव्हता, म्हणून त्याने दगडात घर आखलं.

त्या सगळ्या फरसबंदीत निर्विवाद खरं तेवढंच आहे. आणि मधल्या सुट्टीत अंगणात चौकोन आखून खेळणाऱ्या मुलींना, गाडीची वेळ होईपर्यंत पायरीवर टेकलेल्या यात्रेकरूला ते न सांगताही कळलं असतं. शाळा काय, धर्मशाळा काय, पुढच्या वाटेला लागेपर्यंत थांबण्याचीच जागा. तुमच्या गुरुजींनी आयुष्यभर तशीच एक जागा सांभाळली. ती तुम्ही राखलीत, म्हणून मला आज इथे तासभर उतरायला मिळालं.